आपण येता तेव्हा मी बरा असतो

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (हल्ली मानेपर्यंतच वाकता येतं, उरलेला आपण धरून घ्यावा). आपली प्रकृती उत्तम असणारच. या वयातही आपण दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढता, हे आपल्याच तोंडून चारदा ऐकलं आहे.

पत्रास कारण, आपला ताईला गेलेला फोन. मी ठणठणीत आहे, कंपवाताचं सोंग काढून बायकोला राबवतो, आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मला पंधरा दिवस आपल्याकडे ठेवून घ्यायची काही गरज नाही, असं आपण म्हणालात म्हणे. दादा, चूक आपली नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम करून गिऱ्हाइकाचं पोट कोटात लपवायची कला अंगी आली होती, ती मी आजारावर चालवली. आपण येणार ते आठ दिवस आधी कळवता (नोकरीत असताना तपासणीलाही कळवून जाणारे इन्स्पेक्टर आपणच). डॉक्टरांनी दिवसाच्या पाच गोळ्या घड्याळ लावून दिल्या आहेत. त्यांतल्या दोन मी मागच्या खेपेस, आपण यायच्या आदल्या दिवशी घेतल्याच नाहीत, रिळांच्या डब्यात ठेवल्या. तो दिवस हिने मला चमच्याने भरवून काढला. दुसऱ्या दिवशी आपण यायच्या तासभर आधी नेहमीच्या गोळीवर त्या दोन्ही चढवल्या. मग काय विचारता! शर्टाची सातही बटणं मीच लावली, कपबशी न खुळखुळवता आपल्या हाती दिली, फाटकापर्यंत सोडायला आलो. "तुला काय धाड भरली आहे?" म्हणत आपण पाठीवर थाप मारलीत. मला लाज वाटावी इतका आनंद झाला.

आपली गाडी वळली आणि जास्त झालेल्या औषधाने हातपाय आपोआप नाचू लागले. संध्याकाळी औषध उतरलं, तेव्हा मोरीच्या उंबऱ्यात पाय जे चिकटले ते पाऊण तास. ही सुजल्या गुडघ्याने मागून कंबर धरून उभी. पाहुण्यांसाठी ठेवणीतली चादर काढावी तसं औषध काढता का, म्हणून डॉक्टरांनी झाडलं ते वेगळंच. जन्मभर आपण मला 'मागे राहिलेला' म्हणत आलात. एक दुपार मागे दिसू नये म्हणून मी हिचा गुडघा पणाला लावला. आपला राग येतोच, पण माझा जास्त येतो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. – ऑपरेशन सोमवारी आहे. तारीख दोनदा पुढे ढकलली, आता ढकलता येणार नाही. रविवारी दुपारी अडीचला या. तीनच्या गोळीआधी मी खरा कसा असतो ते पाहा आणि मग ठरवा. दार उघडायला वेळ लागेल. आणि सुबक अक्षरावर जाऊ नका, मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे. माझं अक्षर आता मुंगीएवढं येतं.

आणखी एक – भाऊजी, हे माझं. ते झोपलेत. रिळांच्या डब्यात आज पुन्हा दोन गोळ्या सापडल्या. रविवार त्यांनी स्वतःच ठरवला, तेव्हाच मला शंका आली होती. रविवारी नको, शनिवारी या.