उरलेला शब्द

४ जुलै
विद्यापीठातल्या खुर्च्यांविरुद्ध दाद मागावी तरी कुणाकडे? माणूस उठला की बैठक धाडकन मिटते. सर वर्गात आले, मी रीतीप्रमाणे उभा राहिलो. धाडकन! बाकी कोणी उठलं नाही. काही अडचण आहे का, असं सरांनी विचारलं. आस्थेवाईक गृहस्थ.
संध्याकाळच्या कॉलेजात दोन्ही वर्षं पहिला आलो, म्हणून इथे तत्त्वज्ञानाच्या थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. संकल्प : इथेही पहिला. नोकरी सोडलीच आहे.

९ जुलै
आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात मॅडम वाक्य अर्धवट सोडत आणि उरलेला शब्द अख्खा वर्ग एका सुरात म्हणे. आज सर "सत्य म्हणजे…" म्हणून थांबले. मी खणखणीत आवाजात पूर्ण केलं : "अबाधित!" सर म्हणाले, मी विचार करायला थांबलो होतो. शेजारच्या हेडफोनवालीने विचारलं, काका, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का? छाप पडली म्हणायची.
परतताना रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मागून तीस-चाळीस आवाज आले : "अबाधित!" वळून पाहिलं. कोणी नाही. जुनी इमारत, प्रतिध्वनी असणार.

२ ऑगस्ट
ट्यूटोरियल परत मिळालं. वीसपैकी सात. शेरा : "सगळं बरोबर. पण तुम्हाला काय वाटतं?" पहिलं वाक्य शुभसूचक. दुसरं अभ्यासक्रमाबाहेरचं.
हिने विचारलं, अहो, कसं चाललंय? उत्तम, म्हणालो.

१७ सप्टेंबर
नोटीस : बाहेरून आलेले विद्यार्थी या सत्रात नापास झाले, तर पुन्हा पहिल्या वर्षाला. आपल्याला लागू नाही. पाठांतर चोख आहे.
मुलगी म्हणते, बाबा, तू हल्ली वाक्य मध्येच सोडतोस आणि भिंतीकडे बघत बसतोस. भिंतीकडून उत्तर येतं, हे तिला सांगितलं नाही. उत्तर दर वेळी बरोबर असतं, हेही नाही.

१२ नोव्हेंबर
परीक्षा. एकच प्रश्न : तुम्हाला पटलेला कोणताही विचार मांडा आणि त्याची बाजू घ्या.
पेन उघडून थांबलो. आता येतील आवाज, म्हणून. खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. हेडफोनवाली पुरवणी मागत होती. माझ्या मागे एवढी शांतता कधीच नव्हती.
पेपर कोरा दिला. खुर्ची हाताने धरून ठेवली, आवाज न करता उठलो.

१३ नोव्हेंबर
पहिल्या वर्षाला बसायला माझी ना नाही. हिला आज सांगेन.
पण अर्धं वाक्य कुणी दिलंच नाही, तर माझ्यापाशी बोलायला काही आहे का? मला खरंच माहीत नाही. त्याचीच भीती वाटते.