न चालणारा लॅपटॉप न चालताच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. भांडार व यंत्रसामग्री अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय.

अर्जदार : वरिष्ठ लिपिक, गळती नोंद शाखा.

विषय : माझ्या टेबलावरील अत्यंत मंद लॅपटॉप दुरुस्त न करणेबाबत.

संदर्भ : १) सदर लॅपटॉप दुरुस्त करून मिळावा, यासाठी केलेले माझे आजवरचे सर्व अर्ज.
२) ते सर्व एकदम मंजूर केल्याचा आपला कालचा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, संदर्भ क्र. २ अन्वये आपण दुरुस्तीस मंजुरी दिलीत, त्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे व ती मंजुरी तात्काळ रद्द व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही दोन वाक्ये एकमेकांशी भांडतात, याची मला जाणीव आहे. म्हणून खुलासा करतो. हा अर्ज हाताने लिहिला आहे, कारण लॅपटॉप गुंतलेला आहे. तो कशात गुंतला आहे, हाच या अर्जाचा विषय आहे.

१. सदर लॅपटॉप माझ्या ताब्यात आला तेव्हापासूनच विचारी स्वभावाचा आहे. सकाळी त्याचे बटण दाबून मी हजेरीपटावर सही करतो, टेबल पुसतो, शेजारच्या शाखेत जाऊन कोणाची बदली कुठे झाली ते ऐकून येतो, तोवर पडद्यावर 'सुस्वागतम्' यायला लागलेले असते. ते पूर्ण येईपर्यंत ज्याचे स्वागत करायचे तो अभ्यागत कंटाळून निघून गेलेला असतो. ज्याने ज्याने जो उपाय सांगितला तो मी केला. बंद करून चालू केला. चालू करून बंद केला. धूळ झटकली, खालून हवा लागावी म्हणून चार खोडरबरांवर ठेवला, नको त्या फायली काढल्या आणि मग हव्या त्याही काढल्या. ढिम्म. शाखेतले शिपाईमामा त्याला 'आजोबा' म्हणतात. "आजोबांना घाई करू नका," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगतात, "उठतील, पण त्यांच्या मनाने."

२. माझ्या पहिल्या अर्जात मी 'लॅपटॉप फार जड झाला आहे' असे लिहिले होते. बोलताना आपण सगळेच तसे म्हणतो. त्यावर आपल्या कार्यालयाने 'यंत्राचे वजन करून प्रमाणपत्रासह फेरसादर करावे' असे कळविले. त्यानुसार मी तो टपाल शाखेच्या पार्सल काट्यावर नेला. टपाल लिपिकाने, "कुठं पाठवायचाय?" असे विचारले. मी "कुठेही," म्हणालो. वजन भरले ते नोंदीतल्या वजनापेक्षा किंचित कमीच. आपल्या कार्यालयाने तक्रार तर निकाली काढलीच, वर 'शासकीय यंत्रातील वजन कोठे गेले' याचा खुलासा माझ्याकडून मागविला.

३. खुलासा असा दिला होता की, कळफलकावरील 'ळ' हे अक्षर उडून गेले आहे, सबब 'ळ' चे जितके वजन असेल तितकी तूट धरावी. 'ळ' शोधण्याचा प्रयत्न झाला. खोली झाडणाऱ्या मावशींनी "तुमचा ळ माझ्या सुपलीत आलेला नाही," असे स्पष्ट सांगितले. आपल्या कार्यालयाने खुलासा मान्य केला व 'उर्वरित अक्षरांवर काम भागवावे' असा सल्ला दिला. मी भागवू लागलो. मात्र आमची शाखा गळती नोंदवते, हे आपण जाणताच. त्या महिन्यात जुन्या नळांनी हात टेकले होते. मी अहवाल धाडला की, शहरभर गळती दुपटीने वाढली असून तिला आवर घालणे शाखेच्या हाती राहिलेले नाही. 'ळ' अभावी तो वर पोचला तेव्हा शहरभर गती दुपटीने वाढलेली होती व तिला आवर घालणे शाखेच्या हाती राहिलेले नव्हते. वरिष्ठांचे अभिनंदनपत्र उलट टपाली आले. 'ही गती अशीच राखावी,' असे त्यात होते. आम्ही ती राखली. रस्त्यांवरून ती अजून वाहते आहे.

४. यानंतर माझे जे जे अर्ज गेले, त्या प्रत्येकावर आपल्या कार्यालयाचे एकच उत्तर आले की, 'आपल्या शाखेची गती वाढल्याचे आपल्याच अहवालात नमूद असल्याने मंदपणाची तक्रार विसंगत आहे.' हे उत्तर इतके बिनतोड होते की, मला स्वतःलाही काही काळ लॅपटॉप बरा वाटू लागला.

५. परिस्थिती पालटली ती आपल्यामुळे. गेल्या पंधरवड्यात आपण आमच्या शाखेच्या पाहणीस आला असता, आपल्या रजेचा अर्ज याच लॅपटॉपवरून पाठविण्याची कृपा केलीत. तो निघाला. परंतु पोचला तो आपली रजा ज्या तारखांना हवी होती त्या उलटून गेल्यावर, आणि वहिनीसाहेबांना भावाच्या गृहप्रवेशास एकटे जावे लागले, असे ऐकतो. परवा आपण पुन्हा शाखेत येऊन लॅपटॉपकडे बोट करून "याला आता मी बघतोच," असे म्हणालात, ते शिपाईमामांनी दारातून ऐकले आहे. पुढच्याच टपालाने मंजुरी आली. आपला राग रास्त आहे. पण माझ्या बाबतीत तो चुकीच्या मुहूर्तावर आला.

६. आता मूळ मुद्दा. माझी पत्नी आपल्याच विभागात, परंतु पार दुसऱ्या टोकाच्या गावी, पाणी तपासनीस आहे. लग्नापासून आमचे दोन ठिकाणी मिळून एक घर आहे. दोन शेगड्या, दोन झाडू, दोन पातेल्यांत अर्धी अर्धी भाजी. संध्याकाळी ती तिकडे फोन भिंतीला टेकवते, मी इकडे टेकवतो आणि आम्ही जेवतो. नवऱ्याने भाजीत मीठ कमी म्हणावे आणि बायकोने मग स्वतः करा म्हणावे, हा साधा सांसारिक हक्क आम्हाला मिळालेला नाही, कारण मी माझी भाजी खातो व ती तिची. तिकडे ती शिंकली तर इकडची खिडकी लावून घेण्यापलीकडे माझ्या हाती काही नसते.

७. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली आम्ही दरवर्षी बदली मागतो. यंदा बदलीची पद्धत संगणकीय झाली : अर्ज पोचला आणि जागा रिकामी असली की कोणाही माणसाचा हात न लागता आदेश आपोआप निघतो. आम्ही ठरवले की, तिने इकडे येण्याचा अर्ज करावा, मी तिकडे जाण्याचा. ज्याचे आधी होईल त्याचे खरे, दुसऱ्याने आपला मागे घ्यावा. "तुमच्या त्या आजोबांच्या भरवशावर राहिलो तर आपण निवृत्तीनंतरच भेटू," असे पत्नी म्हणाली व तिने तिच्या प्रयोगशाळेतून आपला अर्ज भरला. मी आमच्या लॅपटॉपवर भरला आणि 'सादर करा' हे बटण दाबले.

८. पत्नीचा अर्ज दाबता क्षणी पोचला व काल तिचा आदेश निघाला. ती येथे येत आहे. माझा अर्ज अजून सादर होतो आहे. पडद्यावर एक हिरवी पट्टी असून तिच्यात नखाएवढी जागा भरायची राहिली आहे. खाली सूचना आहे : 'आपला अर्ज सादर होत आहे. यंत्र बंद करू नये. बंद केल्यास अर्ज सादर झाला असे समजण्यात येईल.'

९. मी लगोलग बदली शाखेत गेलो. तेथील बाईंनी अत्यंत आस्थेने ऐकून घेतले. "भाऊ, सादर न झालेला अर्ज मागे घेता येत नाही," त्या म्हणाल्या, "कारण तो आलेलाच नाही." सादर झाल्यावर घेता येईल का, असे विचारता, "सादर झाल्यावर आदेशच निघतो हो, मागे काय घेणार?" असे उत्तर मिळाले. त्या गावी जागा तरी कुठे रिकामी आहे, या आशेवर मी होतो. बाईंनी तपासून सांगितले की, कालपर्यंत नव्हती. आता एक झाली आहे. ती माझ्या पत्नीची. पद कोणते, हे संगणक पाहत नाही, जागा रिकामी आहे एवढेच पाहतो.

१०. म्हणजे लॅपटॉप सुधारला तर ती ज्या गाडीने येथे उतरेल त्याच गाडीने मला तिकडे जावे लागेल. फलाटावर भेट होईल, नाही असे नाही. दोघांच्या हातात एकमेकांच्या घराच्या किल्ल्या असतील. पत्नीला हे मी फोनवर कळविले. ती म्हणाली, "अहो, एवढी वर्षं तुम्ही त्याला चालवायला बघत होतात. आता एकदा नीट बंद पाडून दाखवा." बंदही पाडता येत नाही, हे मी तिला सांगितले. त्यावर तिने जे म्हटले ते शासकीय पत्रव्यवहारात बसणार नाही.

११. सबब तूर्त शाखेने पुढील व्यवस्था केली आहे. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली असून तो केवळ तारेवर जगतो आहे, म्हणून वायरीजवळ शिपाईमामा स्टूल टाकून बसले आहेत. "आधी हा चालावा म्हणून बसायचो, आता चालू नये म्हणून बसतो," ते म्हणतात, "आपल्याला काय, बसायचंच आहे." मावशींना त्या कोपऱ्यात झाडू फिरविण्यास मनाई आहे, त्यांनी ती फार मोठ्या मनाने स्वीकारली. सहकाऱ्यांनी शहराचे सर्व जुने नळनकाशे एकाच वेळी उघडून ठेवले आहेत, जेणेकरून यंत्राची दमछाक कायम राहावी. त्याचा गुण आला. पट्टी दुपारपासून हललेली नाही. महिनाअखेरीस बदलीची मुदत संपते व अर्धवट राहिलेले अर्ज आपोआप बाद होतात. तेवढे दिवस निघाले की मी सुटलो.

१२. अशा नाजूक अवस्थेत आपला दुरुस्ती कारागीर सोमवारी येत आहे. त्यास सर्वजण 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो यंत्राच्या पोटावर हात ठेवून "कधीपासून होतंय?" असे विचारतो. मी आज त्यास गाठून परोपरीने विनविले. तो म्हणाला, "काळजी करू नका, तासाभरात घोड्यासारखा पळवतो." मला घोडा नको आहे, असे मी सांगितले. तो म्हणाला, "आदेश आलाय साहेब. दुरुस्त केल्याशिवाय तुमची सही कशी घेऊ? आणि सही घेतल्याशिवाय परत कसा जाऊ?" त्याचेही बरोबर आहे. हा विभागातला पहिला माणूस आहे, जो बोलावल्याच्या दिवशी येतो. नेमका तो माझ्या वाट्याला आला.

१३. तरी माझ्या मागण्या अशा :

(अ) दुरुस्तीची मंजुरी रद्द व्हावी.
(आ) रद्द करण्याची पद्धत नसल्यास ती मंजुरी आपल्या नेहमीच्या मार्गाने, म्हणजे टिपणी, अभिप्राय, फेरअभिप्राय व त्रुटीपूर्तता यांतून, महिनाअखेरीपर्यंत फिरत ठेवावी. माझ्या अर्जांच्या बाबतीत आपल्या कार्यालयाने हे कसब अनेकदा दाखविले आहे. एकदा माझ्या बाजूनेही दाखवावे.
(इ) तेही शक्य नसल्यास, डॉक्टरांनी सोमवारी यावे, चहा घ्यावा, लॅपटॉपला हात न लावता 'दुरुस्त झाला' असे लिहून द्यावे. मी आनंदाने सही करीन. काम न होता काम झाल्याची सही करण्याचा हा आपल्या विभागातील पहिलाच प्रसंग नसावा, असे वाटते.

१४. आपण म्हणाल, या इसमास नक्की हवे तरी काय? यंत्र चालत नाही म्हणून रडतो आणि चालवू म्हटले तर पाया पडतो. महोदय, मला लॅपटॉप नको, गती नको, 'ळ' सुद्धा नको. एकाच स्वयंपाकघरात भाजीवरून एकदा भांडण व्हावे, एवढेच हवे आहे. हे यंत्र इतकी वर्षे चालून माझ्या कधी कामी आले नाही. आता चार दिवस न चालून तेवढे कामी यावे.

ही विनंती मान्य कराल, अशी आशा नव्हे, गरज आहे. मात्र मान्यतेचा आदेश कृपया संगणकावरून न पाठविता हाताने द्यावा. शिपाईमामा स्टूल सोडू शकत नसल्याने तो घेण्यास मी स्वतः येईन.

आपला नम्र व तूर्त येथेच असलेला,

(सही)
वरिष्ठ लिपिक, गळती नोंद शाखा

दिनांक : आजचा, शुक्रवार.

सोबत : पत्नीच्या बदली आदेशाची प्रत. (मूळ आदेशास ती कोणाला हात लावू देत नाही.)

प्रत माहितीसाठी : पत्नीस. सामान बांधणे थांबवू नये. दोन्ही पातेली आणावीत.