बाकडूचा ताबा आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सोफे आणि खुर्च्या शिवणे, हल्ली निवृत्त (म्हणजे गिऱ्हाईक आलं तर हाकलत नाही, एवढंच), लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात जरा थरथरतो तो हृदयाच्या गोळ्यांनी. हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने करत नाही. मला धाक दाखवणारं माणूस अजून जन्माला यायचंय असं माझे यजमान म्हणायचे, आणि तेही हळू आवाजात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. सगळ्यांची पूर्ण नावं-पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या कागदावर घेतले आहेत. इथे मी माणसांना रोजच्या हाकेनेच लिहिणार आहे, नाहीतर मला कोणाबद्दल बोलतेय तेच कळायचं नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची कामाची खोली, माझ्या लेकीला द्यावं. तिने विकावं, भाड्याने द्यावं, काय हवं ते करावं. फक्त भिंतींचा रंग जावयाला ठरवू देऊ नये. लेकीला कुत्र्यांची ॲलर्जी आहे आणि जावयाला माझी. दोघं आली की ती दारातच शिंकायला लागते आणि तो घड्याळ बघायला. तरी माझी पोर गोळी घेऊन, लाल डोळ्यांनी, बाकडूला पायांवर लोळू देते. मागच्या वेळी निघताना म्हणाली, "आई, याला माझ्याकडे पाठव असं म्हणू नकोस गं. मला नाही म्हणवणार नाही, आणि झेपणारही नाही." म्हणून म्हणत नाही. तिने मन खाऊ नये, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

कलम २. बँकेतली ठेवही लेकीचीच. त्यातून बाकडूच्या दवाखान्याचा खर्च आधी, बाकीचं सगळं मग.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे लोहचुंबकाची हातोडी, वाकड्या सुयांचा डबा, पट्टा ताणायचा लाकडी ठोकळा आणि मोठी कात्री, माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता माझ्यापेक्षा बरं शिवणाऱ्या मागच्या गल्लीतल्या कारागीर बाईंना. कात्रीने कागद कापल्याचं मला कळलं, तर मी आहे तिथून येईन.

कलम ४. वरच्या मजल्यावरच्या काकांना माझी हातांची हिरवी खुर्ची. कुत्रा भुंकतो म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध सोसायटीत तक्रारी केल्या, आणि त्यातल्या एकीच्या दिवशी तर बाकडू घशाला सूज येऊन दवाखान्यात होता. खुर्ची उत्तम आहे. स्प्रिंग मी स्वतः बांधल्यात, वीस वर्षं हलायच्या नाहीत. पुढचा उजवा पाय तेवढा बाकडूने पिल्लू असताना चावून बारीक केलाय. काकांनी रोज त्या खुर्चीत बसून पेपर वाचावा आणि पायाकडे बघावं. याला सूड म्हणू नये, भेटवस्तू म्हणावं.

कलम ५. बाकडू.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, कायद्याच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे जंगम मालमत्ता." मी म्हटलं, जंगम खरा, पण त्याच्या मनात असेल तेव्हाच. भर रस्त्यात फतकल मारून बसला की चार माणसांना हलायचा नाही. डॅशहाउंड आहे, तपकिरी, वय नऊ. लांबच लांब अंग आणि त्याखाली चार बोटभर पाय. घरी आणला त्या दिवशी मी एका दुकानाच्या बाकड्याची गादी शिवत होते. त्या बाकड्याशेजारी तो उभा राहिला आणि नाव आपोआप पडलं.

या जातीबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात. हट्टी आहे, खड्डे खणतो, ऐकत नाही. सगळं खरं. पण यजमान गेले त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असताना हा एकटा माझ्या पांघरुणात शिरून माझ्या पोटाला पाठ लावून पडून राहिला. काही विचारलं नाही, समजावलं नाही. तेव्हापासून मला दुसऱ्या कुठल्या जातीचं कौतुक ऐकवत नाही.

आणि कौतुक तर रोज ऐकावं लागतं. आम्ही सकाळी तळ्याभोवती कुत्री फिरवणारे दहा-बारा जण आहोत. आमच्यात माणसांना नाव नसतं. मी बाकडूची आई. कोणी ढेपेचे बाबा, कोणी बटणची मावशी. लॅब्रॅडॉरवाले म्हणतात, याच्यासारखा प्रेमळ कुत्रा नाही. प्रेमळ आहेच, चोराला बॅटरी धरून कपाट दाखवेल. बीगलवाल्या मॅडमचा अर्धा फेरफटका "सोड ते, आधी तोंडातलं टाक" यात जातो, तरी त्यांच्या मते बीगल म्हणजे हुशारीची कमाल. एका मास्तरांच्या कुत्र्याची जात डॉक्टरांनाही ठरवता आली नाही, आणि सगळ्यांत जास्त अभिमान त्यांनाच.

यात माझा धाकटा भाऊही होता. हवालदार नावाच्या अल्सेशियनचे बाबा. भाऊ आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला. त्याच्या लेखी अल्सेशियन हा एकच कुत्रा, बाकी सगळी नुसती भुंकणारी खेळणी. बाकडूला पहिल्यांदा बघून म्हणाला, "ताई, उरलेला कुत्रा कधी येणार?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही म्हटलं, तुझा हवालदार ढगांच्या गडगडाटाला कॉटखाली जातो ते आधी बघ. त्यावरून आमचं जे वाजलं ते वाजलं. पुढे आम्ही रोज एकाच रस्त्यावरून, एकमेकांपासून वीस पावलं राखून चालायचो. कुत्री मात्र एकमेकांची शेपटी हुंगून, खेळून घ्यायची. त्यांना आमचं भांडण कोणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी हवालदार गेला. आमच्याकडे ज्याचा कुत्रा जातो तो माणूस रस्त्यावर दिसेनासा होतो, आणि नाव माहीत नसल्याने त्याला शोधताही येत नाही. भाऊ मात्र येत राहिला. रिकाम्या हाताने, पट्टा खिशात. एकदा बीगलवाल्या मॅडम सवयीने म्हणून गेल्या, "काय हवालदारचे बाबा, आज उशीर?" बोलल्यावर त्यांनीच जीभ चावली. भाऊ बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी वीस पावलं चालून जाऊन त्याच्या शेजारी बसले. बाकडू त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसला, आणि त्याने पाय हलवला नाही. त्या दिवसापासून आम्ही भाऊ-बहीण परत बरोबर चालतो.

हृदयाचे डॉक्टर हल्ली माझे रिपोर्ट बघून हसत नाहीत. बाकडू माझ्या मागे राहणार हे आता उघड आहे, आणि मला मरणाची नाही, त्याचीच काळजी आहे. नऊ वर्षांच्या, पाठीचं दुखणं असलेल्या कुत्र्याला कोण घेतं? अशा कुत्र्यांना ठेवायच्या जागा आहेत, मी बघून आले. पिंजरे स्वच्छ असतात, माणसंही वाईट नसतात. पण तो दाराकडे बघत बसेल, आणि मी येणार नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, ते येऊ दे.

म्हणून बाकडूचा ताबा मी धाकट्या भावाला देऊ इच्छिते. मागच्या महिन्यात वकीलबाईंसमोर विचारलं. त्याने हात जोडले. "ताई, तू काहीही माग. पण पुन्हा ते नको. मला परत कोणाला पुरायचं नाही." तेवढ्यात वकीलबाईंनी नियम सांगितला, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचा वाटा जातो. भावाने ते बरोबर टिपलं. "मग मी साक्षीदार होतो," म्हणाला. "सहीच्या दिवशी पेन माझंच आणतो." इतकी वर्षं बस चालवली त्याने, वळण कुठे घ्यायचं ते त्याला चांगलं कळतं.

तेव्हा त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर बाकडूचं काय करायचं ते वकीलबाई आणि बाकडूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं. मला त्यापुढे सुचत नाही.

कलम ६. बाकडू ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी. त्याला उडी मारू देऊ नये. कॉटला लावायचा उतार मी फोम घालून शिवून ठेवलाय. रात्री पांघरूण डोक्यावरून लागतं. "शहाणा कोण" असं विचारलं की तोंड फिरवतो, त्याचा राग मानू नये. पावसात बाहेर जायला नकार देतो, तेव्हा छत्री त्याच्यावर धरावी, आपल्यावर नाही.

हा पुढचा मजकूर मी आज, सहीच्या दिवशी, वकीलबाईंच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने जोडते आहे.

वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मला एकटीला चढायलाच जिना जड जात होता आणि बाकडूला पायऱ्या चढायची मनाई. मी त्याला उचलायला वाकले तर दम लागला. भाऊ म्हणाला, "सर बाजूला." आणि त्याने उचललं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ तक्क्यासारखी सरळ, जशी धरायला हवी तशीच. मी त्याला हे कधी शिकवलेलं नाही. अल्सेशियनवाल्याला कुत्रा उचलायची गरजच पडत नाही. म्हणजे इतके दिवस तो माझे हात बघत होता.

वर आल्यावर मी म्हटलं, "ठेव आता खाली." तो म्हणाला, "असू दे, फरशी गार आहे." बसला तो मांडीवर घेऊनच. वकीलबाईंनी कलम पाच वाचून दाखवलं तेव्हा त्याने मान वर केली नाही. मग त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला, साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. बाकडू घोरायला लागला होता.

"ताई," तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार बघ."

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: (बाकडूची आई)

साक्षीदार १: बीगलवाल्या मॅडम, आधीच सांगून ठेवल्या होत्या.
साक्षीदार २: याच इमारतीत तळमजल्यावरचे चष्म्याच्या दुकानवाले, आयत्या वेळी बोलावले. मांजर पाळतात, तरी कायद्याला चालतात.

ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस
तारीख: १४ ऑक्टोबर

टीप, वकीलबाईंच्या सांगण्यावरून: सह्या होत असताना माझा धाकटा भाऊ खोलीत हजर नव्हता. बाकडू जागा होऊन दाराकडे बघायला लागला, म्हणून तो त्याला उचलून खाली घेऊन गेला होता.