आवाजाचं प्रकरण

३ फेब्रु., सोम.
मिलची सुरक्षा पुस्तिका लिहायचं काम माह्याकडं. आग, वीज, सांडपाणी झालं. आवाजाचं प्रकरण मुद्दाम मागं ठेवून राहिलो. नांदगाव पेठच्या याच मिलमध्ये माही बायको माधुरी स्पिनिंगला, सूत कातायच्या खात्यात होती, लग्नाआधीपासून. तिथंच तिचे कान गेले. दिवाळीपासून माहेरी, अकोल्याले. उपचार सुरू. राजापेठेतल्या खोलीत मी एकटा. टीव्ही अजून ती ठेवायची त्याच मोठ्या आवाजावर. शेजारचे दोनदा सांगून गेले. कमी करवत नाही.

६ फेब्रु., गुरु.
फोन लावला. “जेवली का?”
माधुरी म्हणते, “हो, बाबा बरे हायेत.”
मग सासूबाईंनी घेतला. “जावईबापू, मोठ्यानं बोला नं!”
जे बोलायचं ते मोठ्यानं बोलता येते का? मेसेज टाकला, आठवण येते. उत्तर आलं : मले कामावर कधी घेतील?

९ फेब्रु., रवि.
अकोला. तिले कानाचं मशीन बसवलं. रस्त्यावर रिक्षा वाजली तर दचकली, मग हसली. किती दिवसांनी!
डॉक्टर म्हणे, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. खडखडाटात पुन्हा नको.
“पॅकिंगमंदी ठेवतील नं? तिथं शांत असते,” मा.
बस सुटताना खिडकीतून काहीतरी बोललो. तिनं मान हलवली. काय समजली कोण जाणे.

१२ फेब्रु., बुध.
लिहिलं एकदाचं. दरवर्षी सगळ्यांच्या कानांची तपासणी. ज्याला कमी ऐकू येते त्याला खडखडाटाच्या खात्यातून काढावं आणि शांत खात्यात काम द्यावं. शेवटचे शब्द लिहिताना वाटलं, तिच्यासाठी दारच उघडून राहिलो.

१५ फेब्रु., शनि.
मॅनेजर साहेबांनी बोलावलं. तपासणी मंजूर! दोन वर्षं मागत होतो.
“पण हे ‘शांत खात्यात काम द्यावं’, हे काढा. पॅकिंगला जागा कुठे आहे?”
“मग त्या माणसानं जावं कुठं, साहेब?”
“ते पुस्तिकेत कशाला? सोमवारी सही करून द्या.”
उरलं काय? कमी ऐकू येते त्याला काढावं. बस. वाक्य माझंच.

१६ फेब्रु., रवि.
सकाळी दार वाजलं. मा.! न सांगता. मोठी बॅग, कामावरचे दोन ड्रेस इस्त्री करून.
लपवणार कसं? शेवट खोडलेलं पान पुढं केलं. वाचलं. पुन्हा वाचलं.
“तपासणी हाय नं यात?”
“हाय.”
“मंग सही करा. नव्या पोरी हायेत तिथं.”
“अन् तू?”
“मले रिकामं बसनं जमत नाही. अकोल्यात निदान मायच्या हाताखाली शिवणाचं काम तरी हाय.”
बॅगेतून काढलेले ड्रेस परत घड्या करून राहिली, माह्याकडं पाठ करून.
म्हटलं, “इथंच राय.”
मशीन कानात होतं की नाही, केसांआड दिसलं नाही. मोठ्यानं म्हणायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “संध्याकाळची अकोल्याची गाडी कितीले हाय?”
मले माहीत होतं. सांगितलं नाही.