गुणवंतरावाच्या चारी बाजूंनी वस्ती

१२ जानेवारी १९५७
आज लायब्ररीच्या पायऱ्यांवर चारचौघांत गुणवंतराव म्हणाला, "नानाजी, तुमच्या गल्लीत श्वास तरी घेता येते काय? हवा पायजे तं आमच्या ओसरीत येऊन बसत जा." सगळे हसले. एटापल्लीकडचं सागवान विकून गावाभोवतीच्या कोटाबाहेर माळावर एकटं घर बांधलंय, त्याचा हा माज! मी म्युनिसिपालटीचा मेंबर, वर घरबांधणी कमिटीचा चेअरमन. बदला घेणार.

१३ जानेवारी
शांत डोक्याने विचार केला. कोटाच्या आत पाय ठेवायला जागा नाही. बाहेर वस्ती वाढवायचीच आहे. मग ती गुणवंतरावाच्या कुंपणापासूनच का नको? याला बदला म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात.

२ फेब्रुवारी
प्लॅन तयार. प्लॉट लहान, गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटून. मधोमध गुणवंतराव. ओव्हरसिअर गुलाम रसूल म्हणाला, इतकी दाटी बरी नाही, आणि विहीर कुठे आहे? म्हटलं, गुणवंतरावाच्या अंगणात आहे की! विहीर मुद्दामच ठेवलेली नाही. रोज त्याच्या दारात घागरी, चिखल, भांडणं. वर्षभरात घर विकून पळेल. शिवाय वॉर्ड माझाच, म्हणजे नव्या लोकांची मतंही मलाच. एका दगडात दोन पक्षी.

२० नोव्हेंबर
वस्ती भरली. विणकर, बिडीवाले, राजुऱ्याकडचे मजूर, पोरंबाळं, कोंबड्या. विहिरीवरचा कलकलाट स्वतः जाऊन ऐकून आलो. जेवण गोड लागलं.

९ एप्रिल १९५८
गुणवंतरावाने विहिरीवर आणखी दोन रहाट बसवले. लोकांना छपरासाठी लाकूडही दिलं म्हणे. घाबरलाय. आमची बायको रुखमाबाई म्हणाली, "तिथल्या बाया त्याले भाऊ म्हणून राह्यल्या." म्हणू देत. बहिणी वाढल्या की माणूस आणखीच बेजार होतो.

१७ मे
रुखमाबाई पुन्हा म्हणाली, "एक विहीर खोदून द्या न तिथी. मतं भेटतीन." बायकांना राजकारण कळत नाही. विहीर दिली तर त्याच्या दारातली गर्दी कमी होणार! दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

सप्टेंबर. तारीख बघायला सवड नाही, कामं फार.
इलेक्शन जाहीर. माझ्यासमोर गुणवंतराव! पोट धरून हसलो. वस्ती वसवली कोणी? नाव मागे घे, अब्रू वाचेल, असा निरोप धाडला. रडत असेल.

५ ऑक्टोबर
कोटाच्या आत मी पुढे होतो. हे लिहून ठेवतो. दर उमेदवाराची मतपेटी वेगळी; मग वस्तीच्या बूथवरची माझी पेटी उघडली. अधिकाऱ्याने ती उलटी केली, हलवली, आत हात घालून बघितलं. काही पडलं नाही. मेंबरकी गेली, चेअरमनकी गेली.

६ ऑक्टोबर
वस्तीत सत्कार. त्याचा असेल म्हणून जाणार नव्हतो. कळलं, माझाच. गुणवंतराव भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "नानाजीनं एवढे लोकं माह्या दारात आणून बसवले नसते, तं मले कोन वळखत होतं?" टोमणा असता तर परवडला असता. मेला मनापासून बोलत होता.
मग हार. गुणवंतराव ठेंगणा, त्याचा हात पुरेना. लोक ताटकळले.
वाकलो.