गोष्टींच्या रानाची रंगीत तालीम

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी साडेसात.
टिल्लीला तिच्या आईकडे सोडून आत्ताच आलो. दिवस उत्तम गेला. सकाळी ती झोपली, दुपारी मी झोपलो, मधल्या वेळात मॉल. तिने फार वेळ फोन पाहिला असं तिची आई म्हणेल. पण माझ्या शेजारी, एकाच सोफ्यावर बसून पाहिला. याला जवळीक म्हणतात.

निघताना दारात तिच्या आईने विषय काढला. टिल्ली बारा वर्षांची झाली, तेव्हा बाबाकडे एक आड एक शनिवार जायचं की कसं, हे आता मेपासून तिचं तिलाच ठरवू दे. मी म्हटलं, अवश्य. मला कसली भीती? लेक माझी आहे.

जिना उतरताना एक पायरी चुकली. बूट नवीन आहेत.

७ एप्रिल, सोमवार
आज नऊ लिफ्ट अडकल्या. मेकॅनिक पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी फोनवर बोलत राहायचं, हे आमच्या कंपनीत माझं काम. माझ्याइतका धीर कुणालाच देता येत नाही. आज एका बाईंना सलग पंचवीस मिनिटं दिला. शेवटी त्याच म्हणाल्या, तुम्ही जरा गप्प बसता का? म्हणजे भीती गेली होती.

मेच्या आधी माझ्या वाट्याला एकच शनिवार आहे, १९ तारखेचा. तो असा झाला पाहिजे की ठरवायला काही उरूच नये. जागा सापडली. शहराबाहेर जंगलात ‘गोष्टींचं रान’ म्हणून पायवाट केली आहे, जुन्या परीकथांवरून. बोलकं झाड, राक्षसाचा पूल, झोपलेला ड्रॅगन, चेटकिणीचं घर. आठ ठिकाणी आठ कोडी, कोडं सुटलं की कार्डावर शिक्का, आठ शिक्के झाले की मेडल. टिल्ली लहान असताना मी तिला रोज झोपताना असल्याच गोष्टी वाचून दाखवायचो. रोज म्हणजे जमेल तसं. ते गृहस्थ (तिच्या आईचे सध्याचे यजमान) वाचत नाहीत. ते सायकल चालवतात.

१० एप्रिल, गुरुवार
शेजारच्या टेबलावरच्या बाईंना प्लॅन सांगितला. त्यांनी विचारलं, बारा वर्षांच्या मुलीला परीकथा चालतील का? त्यांना दोन मुलगे आहेत. मुलींमधलं त्यांना काय कळणार, कप्पाळ!

निश्चय केला: रविवारी एकट्याने जाऊन आधी सगळं पाहून यायचं. ऐनवेळी कोडं अडलं आणि बाप डोकं खाजवत उभा राहिला, असं नको. तालीम झालेली बरी.

१३ एप्रिल, रविवार
फाटकावर पाटी: ‘मोठ्यांना लहान मुलांसोबतच प्रवेश.’ आजवर मी याच्या उलट पाट्या पाहिल्या होत्या.

तिकीट खिडकीत पाठीला कापडी पंख लावलेली बाई. मी सांगितलं, मुलगी मागून येते आहे. तिने मान लांब करून रस्ता पाहिला. मीही पाहिला. दहा मिनिटं दोघं रस्ता पाहत होतो. मग एक मोठं कुटुंब आलं आणि मी त्यांच्या मागे चिकटून उभा राहिलो. पंखवाली मोजायला लागली: आई, बाबा, चार मुलं, एक आजोबा. आजोबा! मी शेहेचाळीसचा आहे. पण कामाच्या वेळी मानापमान बघायचा नसतो. हूं की चूं न करता आत गेलो.

त्या कुटुंबाचा फोटो मीच काढला. त्यांच्या धाकटीने गर्दीत चुकून माझं बोट धरलं. राक्षसाचा पूल ओलांडेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. मग तिने वर पाहिलं आणि पळाली.

आठही कोडी सोडवली. पाचव्याला एका सहा वर्षांच्या मुलाची किरकोळ मदत घेतली. उत्तरं वहीत उतरवली. राक्षसाच्या जेवणाच्या टेबलावर सँडविच खाल्लं. तिथल्या खुर्च्या इतक्या उंच आहेत की पाय जमिनीला टेकत नाहीत. शेवटी मेडल दिलं नाही, ते फक्त मुलांना देतात. मागितलंही नव्हतं. एकदाच विचारलं.

१६ एप्रिल, बुधवार
उत्तरं तोंडपाठ. आंघोळीत, बसमध्ये, सगळीकडे घोकतोय. आज लिफ्टमध्ये अडकलेल्या एकाला विरंगुळा म्हणून तिसरं कोडं घातलं. त्याने तक्रार केली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, फारच.

१८ एप्रिल, शुक्रवार
टिल्लीचा फोन. उद्या कुठे जायचंय, विचारत होती. सरप्राइज आहे म्हटलं. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’मध्ये खूप काही असतं. इतरांना ऐकू येत नाही.

अंड्याची सँडविचं तयार. टोपी, पाणी, होकायंत्र. वही घरीच ठेवायची, नाहीतर पितळ उघडं पडायचं.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.१०
तयार आहे. चार वाजल्यापासून.

त्याच दिवशी, रात्री आठ.
क्रमाने लिहितो.

पाटी दिसल्यावर टिल्ली क्षणभर थांबली. मग म्हणाली, वा, मस्त आहे. मी मनात म्हटलं, जिंकलो. पहिल्या फाट्याला ती न बघताच डावीकडे वळली. दिशाज्ञान माझ्यावर गेलंय. बोलक्या झाडापाशी मी कोडं वाचून थोडा विचार केल्यासारखं केलं. तिनेही केलं. मी उत्तर दिलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. ड्रॅगनच्या शेपटीवर चढताना म्हणाली, बाबा, तिसरी पायरी हलते, जपून. निरीक्षणशक्तीही माझीच. पाचव्या कोड्याला मी तोंड उघडायच्या आधीच तिने शिक्क्यासाठी कार्ड पुढे केलेलं होतं. सातव्याला तिला जांभई आली. तिने मध्येच त्या जांभईचं ‘वा’ करून टाकलं.

शेवटी मेडलच्या टेबलावर आज तीच पंखवाली. टिल्लीच्या गळ्यात मेडल घालताना म्हणाली, “अगं, परत आलीस? हे तिसरं ना तुझं?” मग माझ्याकडे वळून, “आणि आजोबा, तुम्हीपण परत?”

टिल्लीने गळ्यातलं मेडल काढून खिशात टाकलं, मी टोपी खाली ओढली.

मग बाकावर बसलो. टिल्लीने सांगितलं, आई आणि काकांबरोबर दोनदा येऊन झालंय. काका म्हणजे ते गृहस्थ. मग आधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तू एवढा खूश होतास. मग तिने विचारलं, तू का आला होतास? तालीम करायला, म्हटलं. एकटाच? हो. तिने डबा उघडला. अंड्याचं सँडविच सगळं संपवलं. तिला अंडं आवडत नाही. हे मला माहीत आहे, फक्त काल आठवलं नव्हतं.

बसमध्ये ती खिडकीशी डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

एकंदरीत दिवस यशस्वी. कोडी आठपैकी आठ.

२७ एप्रिल, रविवार
अजून फोन नाही. याचा अर्थ निर्णय चांगला आहे आणि तिला तो समोर सांगायचा आहे. कदाचित दर शनिवारी यायचं म्हणत असेल. तसं झालं तर आपण कमी पडायला नको, म्हणून वर्षअखेरपर्यंतचे शनिवार आखले. बोट, घोडा, तारांगण, मातीची भांडी. घोड्याची तालीम करावी लागेल. ती पाठीला झेपेल का, बघू.

३० एप्रिल, बुधवार
तिच्या आईचा फोन. महिन्यातून एक शनिवार. शेवटचा.

मी शांतपणे कारण विचारलं. ती म्हणाली, तूच बोल तिच्याशी. टिल्ली फोनवर आली. मग म्हणाली, “बाबा, मला तू आवडतोस. पण तुझ्याकडे आलं की दिवसभर खूश राहावं लागतं. दमते मी.”

अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं, यात माझी अठरा वर्षं गेली. शेवटी म्हटलं, अवश्य.

कुणाला अवश्य म्हटलं, कशाला म्हटलं, देव जाणे.

३ मे, शनिवार
सहाचा गजर बंद करायचा राहिला होता. उठलो. तिच्या खोलीतली चादर बदलली. बदलून झाल्यावर लक्षात आलं, आधीची मळलेलीच नव्हती.

दहाला फोन हातात घेतला. पुढच्या वेळचा प्लॅन तरी सांगावा म्हणून. परत ठेवला. फोन करायचा नाही, हा या वहीतला पाळलेला दुसरा निश्चय, आणि तो कधी केला होता तेही आठवत नाही.

जेवलो. भांडी घासली. खिडकीत बसलो. समोरच्या घरातला माणूस बायकोशी पडदा लावण्यावरून भांडत होता. पडदा लावून झाल्यावर ते दिसेनासे झाले.

आज खूश राहायचं कारण नव्हतं. राहिलो नाही. चहा केला नाही, रेडिओ लावला नाही, स्वतःशी गुणगुणलो नाही. पाचच्या सुमाराला अंग इतकं सैल पडलं की बसल्या जागी रडू आलं. थोडंच. तेव्हा कळलं, मीपण दमतो.

हे टिल्लीला सांगायचंय. ती एकतीस तारखेला येईल. आज तीन.