चार मिलिमीटरची सीमा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
मोठे साहेब महिनाअखेर रिटायर होणार. आज नकाशा कार्यालयात सगळ्यांसमोर त्यांनी नव्या शालेय अ‍ॅटलसचं काम माझ्याकडे सोपवलं. शिक्षण मंडळाच्या समितीने तो पास केला की साहेबांची खुर्ची माझी. दुसरं कोण आहे? एक विश्वमावशी. तिचं हे नाव मीच ठेवलंय. चारही शेजारी देशांच्या नकाशा कार्यालयांतल्या लोकांच्या पोरांचे वाढदिवस बाईंना तोंडपाठ. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय.
संकल्प: पोराने अ‍ॅटलस उघडला की देश दिसला पाहिजे. आपला. जग शेवटच्या पानावर, पोस्टकार्डाएवढं.

५ मार्च, बुधवार
जुना अ‍ॅटलस चाळला. लाज वाटली. आपल्या देशाच्या पानावर शेजाऱ्यांची शहरं, शेजाऱ्यांचे डोंगर, शेजाऱ्यांचे रेल्वेमार्ग. कागद आपला, शाई आपली आणि फुकटची जाहिरात त्यांची. ऑर्डर काढली: सीमेपलीकडे सगळं पांढरं. चारही बाजूंना एकेकदा फक्त ‘परदेश’ असं छापायचं.
आरेखक तीस वर्षं इथेच नकाशे काढतोय. हात कसबी, डोकं बेताचं. त्याने विचारलं, नदी पलीकडून येते, ती कुठून सुरू करू? म्हटलं, सीमेवरून. तो म्हणाला, म्हणजे नदीला शेंडा ना बुडखा. त्याला सांगितलं की नदीचं मूळ शोधू नये असं आपले वाडवडीलच सांगून गेलेत. पेन्सिल उचलून कामाला लागला. अभ्यास असला की माणूस अडत नाही.

१० मार्च, सोमवार
शेजाऱ्यांचा गठ्ठा आला. दरवर्षी येतो. नवे रस्ते, नवे पूल, बदललेली गावांची नावं. आपणही आपला गठ्ठा त्यांना पाठवतो. विश्वमावशीने यंदाचा जानेवारीतच पाठवून टाकला म्हणे, न विचारता. आपल्या देशाची खडान्‌खडा माहिती टपालाने! यापुढे बंद.
आलेला गठ्ठा न फोडता परत पाठवला. वर लिहिलं, गरज नाही. खाली झोकदार सही.

११ मार्च, मंगळवार. दुपारी
वाऱ्याच्या नकाशातले बाणही सीमेपासूनच सुरू केले. आता वारासुद्धा घरचाच.
घरी कौतुकाने सांगितलं. हिने विचारलं, मग पाऊस कुठून येतो म्हणायचं? बायकांना राजकारण कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण हिला कळत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
आजची कल्पना पहाटे दाढी करताना सुचली. आपली सीमा नकाशात कशी दिसते? झुरळाच्या मिशीसारखी. अर्धा मिलिमीटर. कोण भिणार? चार मिलिमीटर करायची. गडद लाल.
आरेखकाने विचारलं, जाडी बाहेरच्या बाजूला वाढवू की आतल्या? काय प्रश्न आहे! सीमा आपली, शाई आपली, तर ती परक्याच्या जमिनीवर कशाला सांडायची? आत.
तो म्हणाला, साहेब, स्केलचा विचार केलाय का? म्हटलं, स्केलचा विचार भित्रे लोक करतात. मग म्हणाला, लेखी द्या. दिलं. माझा शब्द जपून ठेवावासा वाटला असेल बिचाऱ्याला.

१९ मार्च, बुधवार
प्रूफ आलं. डोळ्यांचं पारणं फिटलं. भोवती सगळं पांढरं आणि मध्ये लाल चौकटीत देश. विश्वमावशी बराच वेळ बघत होती. म्हणाली, पूर आल्यासारखं दिसतंय, आपण तेवढे बेटावर. मत्सर माणसाच्या तोंडून असा बाहेर पडतो. वर आणि म्हणाली, समितीआधी एकदा कडेची गावं तपासा, हवं तर मी बसते सोबत. मेहेरबानी नको म्हटलं.

२४ मार्च, सोमवार. सायं. ६.१०
सगळे गेल्यावर साहेबांच्या खुर्चीत बसून पाहिलं. डावा हात हलतो. सुतार बोलवायचा. मावशीचं टेबल जिन्याखाली हलवायचं. उद्याचं भाषण पाठ आहे, टाळ्यांसाठी तीन ठिकाणी थांबायचं.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी ३
समिती. सहा माणसं, त्यांत सीमेवरच्या एका गावची मुख्याध्यापिका. भाषण उत्तम झालं. तीनदा थांबलो. टाळ्या नंतर वाजवायच्या ठरवल्या असाव्यात.
मग बाईंनी विचारलं, आमचं गाव कुठंय? म्हटलं, शोधा, सापडेल. त्यांनी पर्समधून पट्टी काढली. एक सेंटीमीटरला पन्नास किलोमीटर, म्हणजे चार मिलिमीटरला वीस. सीमेपासून आत वीस किलोमीटर देश शाईखाली गेला म्हणाल्या. त्यांचं गाव, त्यांची शाळा, आणि अशी आणखी एकशे बारा गावं. पलीकडचं पांढरं केलंत ते समजू शकते, म्हणाल्या, पण अलीकडचं? वर्गात पोराने विचारलं की बाई आपण कुठे आहोत, तर बोट कुठे ठेवू?
मी म्हटलं, सीमेवरच ठेवा. साक्षात सीमेत राहण्याचा मान सगळ्यांना मिळत नाही.
कोणी हसलं नाही. साहेबांनी आरेखकाला बोलावलं. त्याने माझा लेखी आदेश टेबलावर ठेवला. घडीसुद्धा मोडली नव्हती मेल्याने.

२५ मार्च. संध्याकाळी
हिने प्रूफ मागितलं. माहेर शोधलं. हिचं माहेर सीमेपासून आठ किलोमीटरवर. भिंग आणून शोधलं. मी सांगितलं की तांत्रिक बाब आहे. ही भांडली असती तर बरं झालं असतं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि भावाला फोन लावला, तुम्ही सगळे बरे आहात ना, म्हणून. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या आवृत्तीत हिच्या माहेराला ठळक ठिपका देईन.

२७ मार्च, गुरुवार
निकाल. माझा अ‍ॅटलस नामंजूर. शाळा तोंडावर, दुसरा करायला वेळ नाही, जुन्यात नवे रस्ते-पूल नाहीत. समितीने ठरवलं की यंदा एका शेजारी देशाचा अ‍ॅटलस आपल्या भाषेत करून घ्यायचा. त्यात आपला देश गावागावासकट बरोबर आहे म्हणे. असणारच, जानेवारीत गठ्ठा कोणी पाठवला होता?
म्हणजे आता आपली पोरं आपला देश परक्यांच्या पुस्तकातून शिकणार. याला जबाबदार कोण? विश्वमावशी. तिने माहिती पाठवलीच नसती तर ही वेळ आली असती का?

३१ मार्च, सोमवार. दुपारी ४
साहेब रिटायर झाले. खुर्चीत विश्वमावशी बसली. माझं टेबल जिन्याखाली हलवलं नाही, होतं तिथेच राहू दिलं. हे जास्त लागलं.
त्या शेजाऱ्यांकडे परवानगी मागायचं पत्र मलाच लिहायला सांगितलं. मी ‘विनंती’ऐवजी ‘सूचना’ लिहिलं. तिने खोडलं. ‘कळवत आहोत’ लिहिलं. तेही खोडलं. शेवटी ‘कृपया’ दोनदा आलं.
तासाभरात ई-मेलने उत्तर. परवानगी आनंदाने दिली आहे, छपाईच्या फाइल्सही सोबत. फक्त एक शंका विचारली होती: आमच्या अ‍ॅटलसमध्ये तुमच्या देशाची सीमा अर्ध्या मिलिमीटरची आहे, आपल्याला चालेल ना?
चहा गार झाला. मग लिहिलं, चालेल. खाली सही केली आणि मावशीने सकाळी दिलेला नवा हुद्दा लिहिला: साहाय्यक, परदेश विभाग.